पडद्याची घनता आणि वाचणाऱ्याची दृष्टी

विषयप्रवेश

स्मार्टफोन ही वस्तू आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत आलेली आहे. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, विजेचे बिल, गॅसची नोंदणी, निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला आणि बँकेचा जमाखर्च इतकी कामे वीतभरही नसलेल्या एका काचेवर होऊ लागली आहेत. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु ज्यांना या सोयीची अधिक गरज आहे, त्या वडीलधाऱ्या मंडळींना त्या काचेवरील अक्षर नीट दिसत नाही, हा अनुभव घरोघरी येतो.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. ज्याला आपल्या खात्याचा संदेश स्वतः वाचता येत नाही, त्याला तो शेजाऱ्याकडून, दुकानदाराकडून किंवा बँकेच्या दारातील अनोळखी तरुणाकडून वाचून घ्यावा लागतो. आणि त्या संदेशाबरोबर व्यवहाराचा गुप्त क्रमांक, म्हणजे ज्याला आपण ओटीपी म्हणतो तोही, परक्याच्या डोळ्यांखालून जातो. ज्याने चाळीस वर्षे आपल्या हिशेबाची वही स्वतः लिहिली, त्याने उतारवयात आपल्या पैशाची खबर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी, ही गोष्ट कोणासही रुचणार नाही.

पुष्कळ घरांत ही अडचण पाच मिनिटांत कमी होण्यासारखी असते. फोनमध्ये पडद्याच्या घनतेचे एक माप असते व ते बदलता येते. ते माप म्हणजे काय, बदलल्याने काय मिळते, त्याची किंमत काय द्यावी लागते आणि बदल कोणत्या क्रमाने करावा, एवढेच या पाठात पाहावयाचे आहे. शालेय गणितापलीकडचे गणित यात नाही.

१. घनता म्हणजे काय ?

वर्तमानपत्रातील छायाचित्राकडे भिंगातून पाहिल्यास ते बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसते. फोनचा पडदाही तसाच असतो. त्यातील एकेका ठिपक्यास पिक्सेल म्हणतात; आपण त्यास बिंदू म्हणू. एक इंच लांबीत जितके बिंदू बसतात, ती संख्या म्हणजे त्या पडद्याची घनता होय.

आज बाजारात सर्रास मिळणारा एक फोन उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या पडद्यावर आडवे १०८० व उभे २४०० बिंदू आहेत आणि त्याचा कर्ण ६.५ इंच आहे. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्णावरील बिंदू काढले, तर १०८० चा वर्ग अधिक २४०० चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे २६३२ येते. त्यास ६.५ ने भागले की घनता सुमारे ४०५ येते. म्हणजे दर इंचास ४०५ बिंदू.

हे बिंदू किती बारीक आहेत ? निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. ३० सेंटिमीटर अंतरावर हे माप ०.०८७ मिलिमीटर भरते. आपल्या पडद्यावरील बिंदू ०.०६३ मिलिमीटर अंतराने बसविलेले आहेत. तात्पर्य, बिंदू डोळ्याच्या शक्तीहून बारीक आहेत. अशा स्थितीत अक्षर दिसत नसेल, तर दोष पडद्याच्या सुबकपणात नाही. अक्षराचा आकार लहान आहे, हेच कारण असते.

२. काचेची घनता व मानलेली घनता

येथे वाचक विचारील की, बिंदू तर कारखान्यातच काचेत बसविले गेले; मग घनता बदलावयाची कशी ? हा प्रश्न योग्य आहे. काचेची घनता बदलत नाही. बदलते ती फोनने मानलेली घनता.

शिंप्याच्या टेपचे उदाहरण घेऊ. समजा टेपवरील इंचाच्या खुणा थोड्या दूरदूर छापल्या. मग शिंपी चाळीस इंच म्हणून जो सदरा बेतील, तो प्रत्यक्षात मोठा होईल. कापड मात्र तेवढेच राहील. त्यामुळे त्या ताग्यातून सदरे कमी निघतील. फोनचा पडदा हे कापड आणि मानलेली घनता ही टेप, एवढे ध्यानात ठेवले की पुढील सर्व भाग सोपा आहे.

अँड्रॉइड जातीच्या फोनांत ही टेप कशी आली, ते थोडक्यात सांगतो. २००८ साली या जातीचा पहिला फोन विक्रीस आला, तेव्हा त्याचा पडदा ३२० बाय ४८० बिंदूंचा होता. तेथून दर इंचास १६० बिंदू हे पायाभूत माप ठरले. पुढे निरनिराळ्या घनतेचे फोन निघू लागले. एकच बटण एका फोनवर बोटाएवढे आणि दुसऱ्यावर मोहरीएवढे दिसू नये, म्हणून २००९ च्या सुमारास बिंदूंऐवजी एका काल्पनिक एककात मोजण्याची पद्धत त्यात आली. त्या एककास डीपी म्हणतात. एक डीपी म्हणजे नाममात्र इंचाचा १६० वा भाग. त्याचे सूत्र असे :

बिंदू = डीपी × मानलेली घनता ÷ १६०

आपल्या उदाहरणातील फोनला बनविणाऱ्याने ४२० ही घनता मानून दिली आहे, असे धरू. मग ४८ डीपीचे बटण ४८ × ४२० ÷ १६० = १२६ बिंदूंचे होईल. हीच घनता ५४० केली, तर तेच बटण १६२ बिंदूंचे होईल. अंक मोठा, तर वस्तू मोठी.

पूर्वी हा अंक बदलण्यासाठी फोनच्या अंतर्गत फाइलींत हात घालावा लागे. तो जाणकारांचा उद्योग होता. २०१६ साली अँड्रॉइडची सातवी आवृत्ती आली, तेव्हापासून सामान्य माणसास सेटिंग्जमधूनच हा बदल करता येऊ लागला. आयफोनमध्येही २०१४ पासून काही नमुन्यांत डिस्प्ले झूम नावाची अशीच सोय आहे. तथापि तेथे पायऱ्या फार थोड्या असतात.

३. किती मोठे व किती महाग ?

छापखान्यात अक्षराचे माप पॉइंटमध्ये सांगतात. एका इंचाचे ७२ पॉइंट होतात व प्रौढांसाठी छापलेले मराठी पुस्तक साधारणतः १२ पॉइंटांच्या आसपास असते. फोनमधील मजकुराचे एक नेहमीचे माप १६ एकके असते. उदाहरणातील पडद्यावर सूत्राने काढलेली मापे पुढे दिली आहेत. रुंदी म्हणजे पडद्याची आडवी बाजू किती डीपी भरते ते. अक्षर म्हणजे १६ एककांचा मजकूर. बटण म्हणजे ४८ डीपीचे बटण.

घनता ४२० : रुंदी ४११, अक्षर ७.५ पॉइंट, बटण ७.९ मिलिमीटर
घनता ४६० : रुंदी ३७६ ; अक्षर ८.२ पॉइंट, बटण ८.७ मिलिमीटर
घनता ५०० : रुंदी ३४६, अक्षर ८.९ पॉइंट, बटण ९.४ मिलिमीटर
घनता ५४० : रुंदी ३२०, अक्षर ९.६ पॉइंट, बटण १०.२ मिलिमीटर

पहिली ओळ पुन्हा पाहावी. नवा फोन आणून जसाच्या तसा वापरणारा मनुष्य साडेसात पॉइंटांचे अक्षर वाचीत असतो. एवढ्या बारीक टाइपात पुस्तक छापून आजोबांच्या हाती दिले, तर ते पहिल्या पानावरच मिटून ठेवतील. आणि त्यांचे डोळे गेले, असे त्या वेळी कोणी म्हणणार नाही.

आता किंमत पाहू. घनता ४२० वरून ५४० वर नेली की रुंदी ४११ वरून ३२० वर येते व उंचीही त्याच प्रमाणात घटते. ४२० ÷ ५४० या गुणोत्तराचा वर्ग केल्यास सुमारे ०.६० येतो. म्हणजे पूर्वी एका वेळी जितका मजकूर दिसे, त्याचा पाच भागांतील तीन भागच आता दिसेल. उरलेल्यासाठी बोटाने पडदा सरकवावा लागेल. आमच्या पेठेतील एका निवृत्त बाईंचा फोन एकदा असा सर्वांत मोठ्या मापावर ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, “मास्तर, अक्षर मोठं झालं खरं, पण ‘पुढे’चं बटण कुठं गेलं ?” बटण पडद्याच्या खाली गेले होते. एक पायरी उतरविल्यावर अक्षरही वाचता आले आणि बटणही दिसू लागले.

याच कारणाने फोन अमर्याद वाढ करू देत नाही. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे मूळ घनतेच्या दीडपटीपलीकडे जाता येत नाही व रुंदी ३२० डीपीच्या खाली येऊ दिली जात नाही. उदाहरणातील फोनवर ५४० ही कमाल मर्यादा यामुळेच ठरते. लहान बाजूस मूळ मापाच्या ८५ टक्क्यांपर्यंत उतरण्याची मुभा आहे. तरुण मुले एका वेळी अधिक मजकूर दिसावा म्हणून तिचा उपयोग करतात.

४. डोळा, अंतर व लिपी

मराठीत चाळिशी हा शब्द वयाला, डोळ्यांच्या अवस्थेला आणि चष्म्याला अशा तिन्ही अर्थांनी वापरतात. त्या वयानंतर जवळचे धूसर होते व मनुष्य हातातील वस्तू नकळत दूर धरू लागतो. फोन ३० ऐवजी ४५ सेंटिमीटरांवर धरला की अक्षर डोळ्यास पूर्वीच्या दोन तृतीयांश एवढेच दिसते. ही तूट भरून काढण्यासाठी अक्षर दीडपट व्हावयास हवे. केवळ घनतेने हे साधत नाही, कारण ५४० वरही वाढ १.२९ पट होते. म्हणून दुसरे साधन, म्हणजे अक्षराचे माप किंवा फॉन्ट साइज, त्याच्या जोडीस घ्यावे. घनता ५०० ठेवली तर १.१९ पट आणि फॉन्ट १.३ पट केला, तर गुणाकार सुमारे १.५५ येतो. त्या वेळी अक्षर साडेअकरा पॉइंटांचे होते. म्हणजे पुस्तकाच्या अक्षराच्या अगदी जवळ.

या दोन साधनांतील भेद नीट समजून घ्यावा. फॉन्ट साइज फक्त अक्षर वाढविते. बटणे, चौकटी व चित्रे होती तेवढीच राहतात. घनता सर्वच वाढविते. यावरून कोणी म्हणेल की, वाचण्यासाठी अक्षर मोठे केले म्हणजे झाले. इंग्रजीपुरते हे पुष्कळदा चालून जाते. आपल्या लिप्यांना ते तितके मानवत नाही. मराठीत वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर चढतात आणि उकार, ऋकार खाली उतरतात. ज्या अॅपमध्ये चौकटीची उंची ठरीव ठेवलेली असते, तेथे केवळ फॉन्ट वाढविल्यास वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो. घनता वाढविल्यास चौकटही अक्षराबरोबर वाढते.

आमच्या बेळगावकडे तर एकाच फोनवर तीन-चार लिप्या नांदत असतात. कन्नडातील ओत्तक्षरे मुख्य अक्षराच्या खाली लोंबतात. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत येते व बे, पे, ते यांतील भेद नुक्त्यांवर अवलंबून असतो. देवनागरीत बारीक अक्षरांत प आणि ष, घ आणि ध, भ आणि म, तसेच १ आणि ९ यांत घोटाळा होतो. बँकेचा इंग्रजी संदेश घ्या : क्रेडिटेड आणि डेबिटेड हे शब्द शेवटास सारखेच दिसतात, एकाने पैसे येतात, दुसऱ्याने जातात. तेव्हा माप ठरविताना घरातील मंडळी ज्या लिपीत वाचतात, तिचाच मजकूर समोर ठेवून ठरवावे.

५. कृती

(अ) प्रथम चष्म्याचा नंबर ठीक आहे ना, ते पाहावे. डोळ्यांच्या विकारावर सेटिंग्ज हा उपाय नव्हे.

(आ) सध्याचे माप एका कागदावर लिहून ठेवावे किंवा पडद्याचे चित्र काढून ठेवावे. परत फिरण्याची वाट माहीत असली म्हणजे धीर येतो.

(इ) सेटिंग्ज उघडून डिस्प्ले या सदरात जावे. तेथे डिस्प्ले साइज किंवा डिस्प्ले साइज अँड टेक्स्ट असे नाव आढळेल. सॅमसंगच्या फोनांत त्यास स्क्रीन झूम म्हणतात. काही फोनांत हेच सदर अॅक्सेसिबिलिटीखाली असते. नाव सापडले नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शोधावे.

(ई) तेथील पट्टी एकच पायरी मोठ्या बाजूस सरकवावी. वर नमुना दिसतो, पण त्यावर विसंबू नये. बाहेर येऊन बँकेचा एक जुना संदेश, एक मराठी मजकूर आणि नेहमी भरावयाचा एक अर्ज अशा तीन गोष्टी उघडून पाहाव्या.

(उ) अक्षर अजून लहान वाटल्यास फॉन्ट साइज एक पायरी वाढवावी. आधी घनता, मग अक्षर, हा क्रम ठेवावा. २०२३ साली आलेल्या अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून फॉन्ट दुप्पट करण्याची सोय आहे. त्यात आधीच मोठी असलेली शीर्षके कमी प्रमाणात वाढतात.

(ऊ) एखाद्या अर्जाचे बटण दिसेनासे झाल्यास घाबरू नये. पडदा खाली सरकवून किंवा फोन आडवा धरून पाहावे. तेवढ्यानेही न जमल्यास माप एक पायरी उतरवावे.

ज्यांना पट्टीवरील पायऱ्यांच्या मधले माप हवे असेल, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. अबाउट फोन या सदरातील बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकविले की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. त्यांत स्मॉलेस्ट विड्थ नावाचा एक आकडा असतो. तो म्हणजे वर सांगितलेली रुंदी होय. येथे पुष्कळांची गफलत होते, कारण हे प्रमाण व्यस्त आहे : आकडा वाढविला की अक्षर बारीक होते व घटविला की मोठे होते. रुंदी = बिंदू × १६० ÷ घनता, हे सूत्र स्मरणात ठेवावे. ४११ च्या जागी ३६० घातल्यास घनता ४८० होते. उलट ६०० किंवा अधिक घातल्यास काही अॅप टॅब्लेटसारखी मांडणी करतात आणि अक्षर मुंगीसारखे होते.

तथापि घरातील वडील मंडळींच्या फोनवर हा मार्ग वापरू नये, असे मी सुचवीन. त्या सदरातील इतर पर्याय अजाणता बदलले जाण्याचा संभव असतो आणि डेव्हलपर ऑप्शन्स चालू असल्यास काही बँकांचे अॅप उघडण्यास नकार देतात. काम झाल्यावर ते सदर बंद करून ठेवावे. संगणकास फोन जोडून हुकूम देण्याचाही एक मार्ग आहे. तो तंत्रज्ञांसाठी सोडून देऊ.

६. मर्यादा व सावधगिरी

कागदाचा काढलेला फोटो किंवा पीडीएफ यांतील अक्षर या दोन्ही मापांनी वाढत नाही. ते दोन बोटांनी ताणून मोठे करावे लागते. ही गोष्ट आपल्यासारख्या संस्थांनी विशेष लक्षात घ्यावी. सभेची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत किंवा वैद्यकीय मदतीची माहिती कागदावर छापून त्याचा फोटो पाठविण्याचा प्रघात सर्वत्र पडला आहे. तीच सूचना सरळ मजकूर म्हणून लिहून पाठविली, तर प्रत्येकाच्या फोनवर ती त्याच्या त्याच्या मापात उमटेल. आणि ज्यांना मुळीच दिसत नाही, त्यांना फोन ती मोठ्याने वाचून दाखवू शकेल. फोटो पाठवावयाचाच असेल, तर त्याखाली मजकूरही लिहावा.

पडद्याचे रिझोल्यूशन कमी-अधिक करण्याची सोय काही फोनांत असते. तो विषय निराळा आहे. त्याने सुबकपणा व विजेचा खप बदलतो, अक्षराचा आकार साधारणतः तोच राहतो.

शेवटची सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. पडदा मोठा करून देतो, अक्षर नीट करून देतो, असे सांगून कोणी फोनवरून एखादे अॅप घालावयास सांगितल्यास ते मुळीच घालू नये. या कामासाठी कोणतेही नवे अॅप लागत नाही. लागणारे सर्व फोनमध्येच असते. परक्याच्या हाती पडद्याचा ताबा गेला, की खात्याचा ताबाही जाण्यास वेळ लागत नाही. तसे काही घडलेच, तर विलंब न करता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवून बँकेसही कळवावे.

सरावासाठी

(१) एका फोनच्या पडद्यावर आडवे ७२० बिंदू आहेत व मानलेली घनता ३२० आहे. त्याची रुंदी किती डीपी ? (उत्तर : ३६०)

(२) त्याच फोनवर ४८ डीपीचे बटण किती बिंदूंचे होईल ? (उत्तर : ९६)

(३) रुंदी ३२० हून कमी होऊ द्यावयाची नसेल, तर त्या फोनवर घनता जास्तीत जास्त किती ठेवता येईल ? (उत्तर : ३६०)

(४) चौथा प्रश्न कृतीचा आहे. या सुट्टीत घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसावे. फोन त्यांच्याच हाती ठेवावा व पट्टी त्यांनाच सरकवू द्यावी. आपण फक्त शेजारून सांगावे. त्या नेहमी जितक्या अंतरावर फोन धरतात, तितक्याच अंतरावर धरून बँकेचा शेवटचा संदेश त्यांना मोठ्याने वाचावयास सांगावा. रक्कम, तारीख आणि जमा की खर्च, ही तिन्ही न अडखळता वाचली गेली, म्हणजे माप बरोबर बसले असे समजावे.